स्निपेटमधला डॉलर कुठं जातोय? आणि चौघांत एकच स्निपेट-फाइल कशी ठेवायची?

पट्टीवाला (सांगली) | सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. विश्रामबागेत आमचं चौघांचं छोटं ऑफिस आहे. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांना हळद-बेदाण्याचं बिलिंग करून देतो. पीएचपी, थोडं जावास्क्रिप्ट, आणि एडिटर चौघांचाही व्हीएस कोड. दुकान बदललं की पट्टीचा (शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशोब) नमुना बदलतो, आतला सांगाडा मात्र तोच: शेतकऱ्याचं नाव, पोती, वजन, दर, वजा हमाली, तोलाई, गाडीभाडं, उचल, आणि खाली निव्वळ. हा सांगाडा आजवर आम्ही जुन्या फाइलीतनं कॉपी मारत आलो.

गेल्या आठवड्यात त्याचं फळ मिळालं. एका दुकानाच्या पट्टीवर दुसऱ्याच दुकानाचं नाव छापून गेलं. शेतकरी पट्टी घेऊन काउंटरला उभा, "माल तुमच्याकडं लावला, पट्टी ह्यांची कशी?" अडत्यानं फोनवर मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

म्हणून ठरवलं, कॉपी-पेस्ट बंद, रीतसर स्निपेट करायचे, म्हणजे छोटा शब्द टाइप केला की एडिटरनं टाकायचे कोडचे तयार तुकडे. कमांड पॅलेटमधून 'कॉन्फिगर स्निपेट्स' घेतलं, पीएचपी निवडलं, फाइल उघडली. प्रीफिक्स (टाइप करायचा छोटा शब्द), बॉडी (पडणारा कोड), डिस्क्रिप्शन (वर्णन) लिहिलं. प्रीफिक्स टाइप करून टॅब दाबला, कोड पडला. पण सगळ्या व्हेरिएबलांच्या पुढचे डॉलर गायब! डॉलर-पट्टी लिहिलेलं, आलं नुसतं पट्टी, तेही निळं निवडलेलं. (व्हेरिएबलं आमची इंग्रजीतच आहेत. मोबाइलवरून लिहितोय म्हणून कोड शब्दांत सांगतोय, सांभाळून घ्या.)

दुसरा प्रश्न, चौघांकडं एकच फाइल कशी राहील? सध्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकतो आणि कुणाकडं कुठली आवृत्ती आहे ते देवालाच ठाऊक.


मिरजेची_तार | सोमवार, रात्री १०.०५

डॉलर गायब होत नाही, एडिटर तो खातो. स्निपेटच्या बॉडीत डॉलरला स्वतःचा अर्थ आहे. डॉलर-१, डॉलर-२ म्हणजे टॅब दाबल्यावर कर्सर कुठं कुठं थांबणार त्या जागा, आणि डॉलर-० म्हणजे सगळं संपल्यावरची शेवटची जागा. डॉलरपुढं इंग्रजी अक्षर आलं तर त्याला वाटतं तुम्ही त्याचं एखादं व्हेरिएबल मागताय, फाइलचं नाव, क्लिपबोर्ड, तारीख असलं काहीतरी. 'पट्टी' नावाचं त्याच्याकडं काही नाही, मग तो डॉलर टाकून देतो आणि नुसतं नाव ठेवून तिथं थांबतो. तुम्हाला निळं दिसलं ते म्हणूनच.

उपाय: डॉलरच्या आधी उलटा तिरका दंड, म्हणजे बॅकस्लॅश. आणि एक नव्हे, दोन. ही फाइल जेसन नावाच्या ठराविक मांडणीत असते, आणि तिथं बॅकस्लॅशला स्वतःचा अर्थ आहे. पहिला बॅकस्लॅश जेसन वाचतानाच खर्ची पडतो, उरलेला एक स्निपेटपर्यंत पोचतो, आणि तो सांगतो की हा डॉलर खरा डॉलर आहे, हात लावू नको. पीएचपीवाल्यांना हे भोगावंच लागतं. पायथनवाले सुखी आहेत.


भडंग_विथ_चहा | सोमवार, रात्री १०.२०

तारताई बरोबर बोलल्या. पण दादा, सगळे बॅकस्लॅश हातानं मारत बसू नका, रात्र जाईल. कोड आधी कोऱ्या टॅबमध्ये पेस्ट करायचा. पहिलं काम, जुने बॅकस्लॅश असतील तर ते बदलून डबल करायचे. मग दुहेरी अवतरणांच्या आधी बॅकस्लॅश. मग डॉलरच्या आधी दोन. हा क्रम चुकला की आधी लावलेले बॅकस्लॅशच परत डबल होतात, मी केलंय. शेवटी सगळ्या ओळी निवडून शिफ्ट-आल्ट-आय. प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक कर्सर येतो, तिथं अवतरण आणि स्वल्पविराम द्यायचा, होम दाबून सुरुवातीचं अवतरण. चाळीस ओळी एका दमात.

ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा स्पेसनं भरू नका, बॅकस्लॅश-टी लिहा. मग ज्याच्या एडिटरला दोन स्पेसची सवय त्याला दोन, चारवाल्याला चार.

अवांतर: पट्टीवरचं नाव चुकणं म्हणजे लग्नपत्रिकेत नवरा चुकल्यासारखंच की.


कंदी_पेढा (सातारा) | मंगळवार, सकाळी ७.१५

मी साताऱ्यात एका कॉलेजात लॅब घेतो. माझं दुखणं निराळं आहे. लॅबच्या मशीन रीस्टार्ट केल्या की पूर्ववत होतात, पोरांनी आदल्या दिवशी केलेले स्निपेट दुसऱ्या दिवशी नाहीत. युजर स्निपेट विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरात, 'कोड', 'युजर', 'स्निपेट्स' असे तीन दरवाजे ओलांडून आत बसलेले असतात, आणि तिथं काही टिकत नाही.

त्यावर मी पोर्टेबल पद्धत काढली. व्हीएस कोडची झिप आवृत्ती पेन ड्राइव्हवर सोडवायची आणि सोडवलेल्या फोल्डराच्या आतच 'डेटा' नावाचं रिकामं फोल्डर करायचं. बस. मग सेटिंग, एक्स्टेन्शन, स्निपेट सगळं त्या डेटा फोल्डरात राहतं आणि पोरगं घरी गेलं तरी त्याच्या खिशात असतं.

पण पट्टीवाले, एक विचारतो. पहिल्या वर्षाच्या पोरांना स्निपेट द्यावेत का? मी पहिलं सत्र देत नाही. 'फॉर' लिहून टॅब दाबणाऱ्या पोराला तोंडी परीक्षेत विचारलं की मधल्या दोन अर्धविरामांचं काम काय, तर ते छताकडं बघतं.


जुना_व्हिमवाला | मंगळवार, सकाळी ८.३०

पेढेसर, सहमत. ज्यानं हातानं शंभर वेळा लिहिलंय त्यालाच स्निपेटचा हक्क.

इतिहास थोडा सांगतो, म्हातारपणाची सवय. व्हीएस कोडच्या स्निपेटमध्ये फाइलच्या नावाचं जे व्हेरिएबल आहे ते 'टीएम' या दोन अक्षरांनी सुरू होतं. ते टीएम म्हणजे टेक्स्टमेट, २००४ साली आलेला मॅकवरचा एडिटर. डॉलर-१, डॉलर-२ ही लिहिण्याची रीत त्याच्याकडून पसरली. व्हिमच्या प्लगइननी उचलली, ईमॅक्सवाल्यांनी यास्निपेटमध्ये आणली, व्हीएस कोडनं घेतली. निओव्हिमनं तर २०२४ च्या ०.१० आवृत्तीत प्लगइनशिवाय आत घेतली. त्यामुळं इथं शिकलेलं दुसऱ्या एडिटरात बहुतेक चालतं. एक्लिप्स आणि इंटेलिजे मात्र आपल्या घरचे वेगळे नियम पाळतात.


पट्टीवाला (सांगली) | मंगळवार, रात्री ९.१०

तारताई, भडंगभाऊ, डॉलर परत आला! दोन बॅकस्लॅश.

आता मजा बघा. पट्टीच्या मथळ्यात दुकानाचं नाव तीन ठिकाणी लागतं: वर, खाली सहीपाशी आणि फाइलच्या पहिल्या कॉमेंटमध्ये. तिन्हीकडं डॉलर-१ दिलं. एकदा नाव टाइप केलं की तिन्ही जागी एकाच वेळी उमटतं. मागच्या आठवड्यात हे असतं तर माझे फोनवरचे संस्कार वाचले असते.

महिरपी कंसात १, मग कोलन (:), मग काही मजकूर दिला की तो आधीच भरलेला येतो. मी तिथं 'दुकानाचं नाव' असं ठेवलं होतं, पण ते काढलं. आमच्या धाकट्यानं टॅब मारत पुढं जाऊन 'दुकानाचं नाव' असंच ठेवलं. आता तिथं तीन प्रश्नचिन्हं ठेवलीत, कोड चालवला की वाकडं दिसतं आणि कळतं.

हळदीच्या जातीसाठी निवडयादी केली. महिरपी कंस, आकडा, मग दोन उभ्या दंडांच्या मध्ये राजापुरी, सेलम असं स्वल्पविरामानं. कर्सर तिथं आला की यादी उघडते, बाण दाबून निवडायचं. कुणी 'राजापूरी' दीर्घ लिहायचा, कुणी ऱ्हस्व, आणि महिनाअखेरच्या अहवालात एकाच हळदीच्या दोन जाती निघायच्या. तो उपद्रव थांबला.


नवखी_जत | मंगळवार, रात्री ११.४५

नमस्कार, मी नवीन आहे. पट्टीवाले दादांचं वाचून तसंच्या तसं केलं, पण माझ्याकडं कर्सर थांबतच नाही. कोडमध्ये सरळ $१ असंच छापून येतं. तीनदा पुसून लिहिलं. एडिटर नवा आहे, गेल्या महिन्यातच टाकलाय. काय चुकतंय?


मिरजेची_तार | बुधवार, सकाळी ६.५०

अगं, तू इथून कॉपी केलंस का? ह्या धाग्यात आम्ही सगळे मराठी अंकात लिहितोय. एडिटरला टॅबच्या जागेसाठी इंग्रजी अंकच लागतो. तुझं १ हे त्याच्या लेखी आकडा नाही, एक अक्षर आहे, म्हणून त्यानं जसंच्या तसं छापलं. कीबोर्ड इंग्रजी करून परत लिही.

चूक आमची, आम्हीच सांगायला हवं होतं.


नवखी_जत | बुधवार, सकाळी ७.०५

चाललं!! रात्री एक वाजेपर्यंत बसले होते. आईनं विचारलं काय करतेस, म्हटलं एकावर अडकलेय.


भडंग_विथ_चहा | बुधवार, सकाळी ९.००

हे वाचून सकाळ सार्थकी लागली.

नवखीताई, डिस्क्रिप्शनमध्ये मात्र बिनधास्त मराठी लिहा. सुचवण्यांच्या यादीत शेजारी दिसतं. आमच्याकडं 'पट्टी, हमालीसह, निव्वळ खाली' असं लिहिलंय, नवीन आलेल्या मुलाला वेगळं समजवावं लागत नाही.


कृष्णाकाठ_४५ | बुधवार, दुपारी १.३०

दुसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही म्हणून लिहितो.

व्हॉट्सअपवर कोडचा मजकूर पाठवायचं आजपासून बंद करा. दोन स्टारच्या मधलं ठळक होतं, फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणाचं वाकडं करतो, आणि जेसनला वाकडं अवतरण चालत नाही. पाठवायचंच तर फाइल म्हणून पाठवा.

नीट रस्ता हा. तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरात 'डॉट व्हीएसकोड' नावाचं फोल्डर असतं, नसेल तर करा. त्यात एक फाइल टाका, नाव काहीही, शेवट मात्र 'डॉट कोड-स्निपेट्स' असा हवा. आतला मजकूर तुमच्या फाइलीसारखाच, फक्त प्रत्येक स्निपेटला 'स्कोप' म्हणून एक ओळ जोडायची: पीएचपी, जावास्क्रिप्ट, जे असेल ते. स्कोप नाही दिला तर तो सगळ्या भाषांत डोकं वर काढतो. ही फाइल गिटमध्ये (कोडचे बदल नोंदवून सगळ्यांत वाटायचं साधन) कमिट केली, म्हणजे नोंदवली, की जो प्रोजेक्ट ओढेल त्याला स्निपेट मिळाले. कुणी सुधारणा केली तर ती पुलमध्ये, म्हणजे ताजा कोड ओढताना, सगळ्यांकडं. आणि कुणी, कधी, का बदललं तेही दिसतं.

एक खड्डा आहे, त्यात मी दोन दिवस होतो. बऱ्याच जणांच्या गिटइग्नोरमध्ये (गिटनं काय सोडायचं त्याची यादी) डॉट-व्हीएसकोड फोल्डर आधीच वगळलेलं असतं. तुम्ही कमिट केलं असं वाटतं, गेलेलं काहीच नसतं. मी शेजारच्या पोराला दोन दिवस म्हणत होतो, "अरे पुल कर की." तो बिचारा दर तासाला पुल करत होता. गिटइग्नोरमध्ये फोल्डरच्या आतलं सगळं वगळा, पण स्निपेटच्या फाइलीला उद्गारचिन्ह लावून सूट द्या. फोल्डरच मुळात वगळलं असेल तर आतल्या फाइलीला सूट मिळत नाही, हे ध्यानात ठेवा.


कंदी_पेढा (सातारा) | बुधवार, दुपारी ४.१०

कृष्णाकाठ, हे लॅबसाठी भारीच. एक जोडतो: नेट नसलेल्या ठिकाणी एक्स्टेन्शन करून देता येतं. पॅकेज-जेसनमध्ये स्निपेटची फाइल कुठं आहे एवढं सांगायचं, व्हीएससीई नावाच्या साधनानं बांधायचं, एक व्हीएसआयएक्स फाइल तयार होते. पेन ड्राइव्हवरून कुठल्याही मशीनवर टाकता येते, मार्केटप्लेसवर चढवायची सक्ती नाही. मी तशी एक केली आहे, सी भाषेच्या प्रॅक्टिकलांची. प्रत्येक प्रोग्रॅमच्या डोक्यावर हजेरी क्रमांक आणि उद्देश लिहायची जागा. पोरं उद्देश रिकामा सोडतात ते सोडतातच.

आणि ४५ म्हणजे काय वो?


कृष्णाकाठ_४५ | बुधवार, दुपारी ४.३०

सर, कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पुराची धोक्याची पातळी, ४५ फूट. सांगलीकराला पिनकोडआधी हा आकडा पाठ होतो.


जुना_व्हिमवाला | बुधवार, रात्री १०.५०

सगळं छान चाललंय म्हणून मी जरा मिठाचा खडा टाकतो. रागवू नका.

मी आधी ज्या ठिकाणी होतो तिथं सामायिक स्निपेटची मोठी हौस होती. पावतीचा एक स्निपेट कुणीतरी केला. पावती क्रमांकाच्या आधी वर्ष हवं होतं. त्यानं स्निपेटचं चालू वर्षाचं व्हेरिएबल वापरलं. टॅब दाबला की वर्ष आपोआप यायचं, सगळे खूष. ते वर्ष कोड चालताना येत नव्हतं, स्निपेट उलगडला त्या क्षणी मजकूर म्हणून गोठत होतं. हे १ जानेवारीपर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी सगळ्या पावत्या जुन्या वर्षाच्या निघाल्या.

स्निपेट दुरुस्त करायला एक मिनिट लागलं. पण तोवर तो किती फाइलींत उलगडून बसला होता? आम्ही शोधत होतो, सापडत होत्या, परत शोधत होतो. कुणी उलगडल्यावर नाव बदललेलं, कुणी ओळी पुढंमागं केलेल्या, त्यामुळं साध्या शोधानं सगळ्या सापडेनातही.

पट्टीवाले, तुमच्या स्निपेटात हमाली आणि तोलाईचा हिशोब आहे ना? तो आत्ताच बाहेर काढा. उलगडलेल्या स्निपेटचा मूळ स्निपेटशी काही संबंध राहत नाही, विहिरीत टाकलेल्या घागरीचा दोर सुटल्यासारखं. उद्या हमालीचा दर बदलला किंवा पैशाचं पूर्णांकन बदललं तर दुकानागणिक फाइली उघडत बसाल. हिशोबाचं फंक्शन करा, एका फाइलीत. स्निपेटनं फक्त ते फंक्शन बोलवायची ओळ द्यावी आणि कंसातल्या जागा विचाराव्यात. ज्याचं फंक्शन होतं त्याचा स्निपेट करायचा नाही.


पट्टीवाला (सांगली) | गुरुवार, सकाळी ८.००

काका, रात्री वाचलं आणि झोप उडाली. सात दुकानं, सातही ठिकाणी हमालीचा हिशोब आत. दोन ठिकाणी पूर्णांकन आताच वेगवेगळं निघालं. एकीकडं पन्नास पैशाला वर, एकीकडं सरळ कापलेलं. दोन्ही अडत्यांनी आजवर काही म्हटलं नाही, पण हमाल मोजून घेतात की.


भडंग_विथ_चहा | गुरुवार, सकाळी ८.२०

काकांना एवढंच विचारतो, आता ते एआयवालं सुचवणारं असताना स्निपेट लिहायचेच कशाला? दोन अक्षरं टाइप केली की करड्या रंगात अख्खं फंक्शन समोर येतं.


मिरजेची_तार | गुरुवार, सकाळी ८.४५

येतं, पण रोज वेगळं येतं. काल हमाली पोत्यावर धरली, आज क्विंटलवर. स्निपेट तेच देतो जे तुम्ही लिहिलंय, नेट असो-नसो. मी दोन्ही वापरते. नवीन काही असेल तर एआय, ठरलेला सांगाडा असेल तर स्निपेट. सुचवण्यांच्या यादीत आपले स्निपेट खाली दबत असतील तर सेटिंगमध्ये स्निपेट सजेशन्स 'टॉप' करा, यादीत आपले स्निपेट वर येतात.


कृष्णाकाठ_४५ | गुरुवार, दुपारी १२.१५

सांगायचं राहिलं. फाइल गिटवर टाकायच्या आधी एकदा डोळ्यांखालून घाला. डेटाबेस जोडणीच्या स्निपेटात खरा पासवर्ड तसाच बसलेला असतो, कारण आपण तो चालत्या कोडातनंच उचललेला असतो. आमच्याकडं एकदा सार्वजनिक रेपोत (कुणालाही दिसणारा गिटचा साठा) गेला. नंतरच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, गिटच्या इतिहासात राहतो. पासवर्डच बदलावा लागतो.


पट्टीवाला (सांगली) | शनिवार, रात्री ८.३०

हिशोब असा झाला. शुक्रवारी चौघं बसलो, एकोणीस स्निपेट होते, त्यातले आठ उडवले, ते फंक्शनच व्हायला हवे होते. उरले अकरा. पासवर्ड निघाला, अर्थातच निघाला, माझाच होता. बदलला.

प्रीफिक्सवरून अर्धा तास भांडण. धाकट्यानं नुसतं पी ठेवलं होतं, पण पीएचपी फाइलीत एचटीएमएल लिहिताना पी-टॅब दाबला की एम्मेट (एडिटरातलं एचटीएमएल भरून देणारं साधन) परिच्छेदाचा टॅग टाकतो. आता सगळ्यांची सुरुवात 'एचबी'नं, हळद-बेदाणा. एचबी टाइप केलं की अकराच्या अकरा ओळीनं दिसतात, पाठ करायची गरज नाही.

एकच अडलंय. पोत्याच्या प्रकाराच्या निवडयादीत 'ज्यूट, ५० किलो' असा एक पर्याय हवा आहे, पण तो फुटून दोन पर्याय होतात, 'ज्यूट' वेगळा आणि '५० किलो' वेगळा.


नवखी_जत | शनिवार, रात्री ८.५०

दादा, हे मी सांगते! यादीत स्वल्पविराम म्हणजे पुढचा पर्याय. मजकुरातला स्वल्पविराम असेल तर त्याच्या आधी बॅकस्लॅश, आणि जेसन आहे म्हणून दोन. आणि ५० लिहिताना कीबोर्ड कुठलाही चालेल, तो नुसता मजकूर आहे. कंसाच्या सुरुवातीचा आकडा मात्र इंग्रजीच.


पट्टीवाला (सांगली) | शनिवार, रात्री ९.०२

झालं. कमिट केलं. मार्केट यार्डाकडं येणं झालं तर सांग, भडंग माझ्याकडून.


भडंग_विथ_चहा | शनिवार, रात्री ९.०४

मला कशाला मधे घेताय.